देवळाच्या पायरीवर बसलेली आई

(सुवर्णमहोत्सवांतील कुटुंबदिनीं मिस्सेनंतर केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आजच्या कुटुंबदिनीं ‘ख्रिस्ती कुटुंब’ ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. विषय मोठा आहे, आणि ह्याच देवळांत त्यावर आपण अनेक विद्वान वक्त्यांचीं प्रवचनें ऐकलीं आहेत. म्हणून मी आज सर्व कुटुंबांविषयीं न बोलतां थोड्याच कुटुंबांविषयीं बोलणार आहें. हीं कुटुंबें आपल्या धर्मग्रामाच्या वहींत आहेत, परंतु रविवारीं बांकावर दिसत नाहींत. तीं कां दिसत नाहींत ह्याचें एक कारण मी स्वतः आहें. तेव्हां आरंभ तेथूनच करणें मला भाग आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका रविवारीं सहा-सात वर्षांचा एक मुलगा आईबापांबरोबर तिसऱ्या बांकावर बसला होता. गायकवृंदाचा पहिला सूर ध्वनिक्षेपकांतून उठतांच त्यानें दोन्ही कान हातांनीं दाबले. आई त्याला जवळ ओढी, तो निसटून जाई. माझें प्रवचन सुरू झालें तेव्हां तो अंग पुढेंमागें डोलवीत एकच शब्द मोठ्यानें म्हणूं लागला. लोक वळून पाहूं लागले. माझ्या विचारांचा धागा तुटला, आणि मीं वेदीजवळून सर्वांसमक्ष म्हटलें, “त्या बाळाला जरा बाहेर न्या.” स्वर सौम्य होता, असें मला त्या वेळीं वाटलें. ती माउली मुलाला घेऊन बाहेर गेली व मिस्सा संपेपर्यंत पायरीवर बसून राहिली. ख्रिस्तप्रसादाच्या वेळीं बाप एकटाच पुढें आला. पुढच्या रविवारीं तीं आलीं नाहींत. त्याच्या पुढच्याही नाहींत.

नाताळ येऊन गेला तेव्हां कोठें मला त्यांची आठवण झाली. मी सिडकोंतील त्यांच्या घरीं गेलों. त्या बाईनें मला चहा दिला, दोष दिला नाहीं. एवढेंच म्हणाली, “फादर, तुम्ही नवीन कांहीं बोललां नाहींत. शाळेनें तेंच सांगितलें, घरमालकानें तेंच सांगितलें, बसमध्यें लोक तेंच सांगतात. देवळांत कोणी म्हणणार नाहीं असें मला वाटलें होतें, इतकेंच.”

मी सेमिनरींत तत्त्वज्ञान शिकलों, ईशज्ञान शिकलों, लॅटिनही थोडें शिकलों. परंतु त्या मुलाच्या अवस्थेला काय म्हणतात तें मला त्या दिवशीं त्या आईकडून कळलें. तिला स्वमग्नता म्हणतात. डॉक्टर ऑटिझम म्हणतात. ‘स्वमग्न’ हा शब्द मला तितकासा पसंत नाहीं, कारण त्यावरून तें मूल आपल्याच आनंदांत बुडालें आहे व आपणांकडे त्याचें लक्ष नाहीं असा ग्रह होतो. वस्तुस्थिति बहुधा उलट असते. त्याच्याकडे जग फार येतें, फार वेगानें येतें, आणि एकदम येतें.

आपणांपैकीं बहुतेकांच्या मेंदूला एक चाळणी आहे. ह्या क्षणीं तुमच्या डोक्यावर आठ पंखे फिरत आहेत. मीं सांगेपर्यंत त्यांचा आवाज तुम्हांला ऐकूं येत नव्हता. ज्या मुलांविषयीं मी बोलत आहें त्यांच्यांतील अनेकांची चाळणी निराळी विणलेली असते. पंखा, ध्वनिक्षेपक, धूप, शेजारच्या काकूंचा गजरा, नव्या सदऱ्याची मानेला टोचणारी पट्टी, हें सारें एकाच जोरानें आंत शिरतें. मग तें मूल कान दाबतें, डोलतें, हात फडफडवतें. आपल्याला तो चाळा वाटतो. त्याच्यासाठीं तो पुरांत धरलेला खांब असतो. आणि खांबही पुरा पडला नाहीं म्हणजे तें किंचाळतें, जमिनीवर पडतें. त्याला आपण हट्ट म्हणतों. हट्टी मूल कोणी पाहत आहे कीं नाहीं हें डोळ्याच्या कोपऱ्यांतून तपासतें. ह्या मुलाला त्या वेळीं कोणी पाहत आहे कीं नाहीं ह्याची शुद्धच नसते.

सर्व एकसारखीं नसतात. कोणी जन्मभर बोलत नाहीं, तर कोणी आगगाड्यांचें वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवितें. ह्यांच्याच शेजारीं दुसरींही मुलें आहेत: बुद्धि उत्तम असून ज्यांना अक्षरें नाचतांना दिसतात, किंवा ज्यांचें चित्त क्षणभरही एका जागीं ठरत नाहीं. वाळूजच्या कारखान्यांतून हुशार म्हणून नांवाजलेले, पण चारचौघांत बसले कीं घामाघूम होणारे कांहीं गृहस्थ मला ठाऊक आहेत. त्यांच्या लहानपणीं ह्या गोष्टीला नांव देणारें कोणी नव्हतें, एवढाच फरक.

आतां उपचारांविषयीं. येथें मला थोडा मागचा इतिहास सांगितला पाहिजे, कारण आमच्या घरांतून आजही जें बोललें जातें त्याचें मूळ तेथें सांपडतें. १९४३ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर ह्यांनीं अकरा मुलांचें वर्णन करून ह्या अवस्थेस वैद्यकांत स्थान दिलें. परंतु पुढें दोष आईच्या माथीं मारण्यांत आला. आईनें माया दिली नाहीं, म्हणून मूल गोठलें, असें शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम नांवाच्या प्राध्यापकानें १९६७ सालीं एक मोठा ग्रंथ लिहून जगाला सांगितलें. वास्तविक त्याच्या तीन वर्षें आधीं, १९६४ सालीं, बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ही समजूत निराधार असून कारण मेंदूच्या घडणींत आहे असें दाखविलें होतें. पण आईला दोष देणें सोपें असतें. शिकागोचे प्राध्यापक आणि आमच्या गांवची आजीबाई ह्यांचें ह्या एका बाबतींत किती एकमत व्हावें! आजीबाई म्हणते, सुनेनें गरोदरपणीं ग्रहण पाळलें नाहीं. प्राध्यापक म्हणतात, तिनें प्रेम केलें नाहीं. त्या जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनींही प्रभूला असेंच विचारलें होतें, कीं पाप कोणाचें, ह्याचें कीं आईबापांचें. प्रभूनें तो प्रश्नच मोडून काढला, हें योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत आपण वाचतों आणि घरीं गेल्यावर विसरतों.

त्यानंतर दुसरी चूक झाली. कॅलिफोर्नियांत ईव्हार लोव्हास ह्यांनीं अशा मुलांना शिस्तीनें शिकविण्याची पद्धत काढली. मूल शिकूं शकतें हें त्यांनीं दाखविलें, तें श्रेय त्यांचें. परंतु मूल इतर मुलांपासून ओळखूं येऊं नये, हें त्यांचें ध्येय होतें. आणि त्यासाठीं १९६० च्या दशकांत कित्येक मुलांना शिक्षा म्हणून विजेचे झटकेही देण्यांत आले. झटके बहुतेक ठिकाणचे गेले, पण ध्येय पुष्कळ ठिकाणीं राहिलें. हात फडफडूं नकोस, डोळ्यांत पाहा, नीट बस. त्या आईनें मला सांगितलें कीं, एके ठिकाणीं दोन वर्षें तिच्या मुलाला समोर बसवून ‘माझ्याकडे पाहा’ म्हणत, आणि पाहिलें कीं बिस्किट देत. तो पाहायला शिकला. परंतु डोळ्यांत पाहण्यांतच त्याचें सारें बळ खर्च होई, आणि बाई काय बोलली तें त्याला ऐकूंच येत नसे. घरीं आला कीं तो आपलें मनगट चावी.

मग ती दुसऱ्या एका थेरपिस्टकडे गेली. ही मुलगी वयानें लहान. तिनें पहिले कित्येक दिवस कांहींच ‘शिकविलें’ नाहीं. मुलगा बाटल्यांचीं झांकणें ओळीनें मांडी. ती जमिनीवर बसून शेजारीं आपली एक ओळ मांडी. बापाला वाटलें, पैसे फुकट चालले. एके दिवशीं मुलाच्या ओळींत एक झांकण कमी पडलें. त्यानें तिच्याकडे पाहिलें नाहीं, पण हात पुढें केला. तिनें झांकण दिलें. तेथून तिचें काम सुरू झालें. पुढें तिनें चित्रांचीं कार्डें आणलीं: पाणी, बस, आई, पुरे. त्या मुलानें कोणी न सांगतां उचललेलें पहिलें कार्ड ‘पुरे’ हें होतें. “फादर, त्याला नाहीं म्हणतां येऊं लागलें,” आई म्हणाली, “आणि तेव्हांपासून चावणें कमी झालें.”

बंधुभगिनींनो, मीं जें वाचलें त्याचा सारांश ह्या कार्डांत आहे, असें मला वाटतें. पूर्वींचा उपचार विचारी, ह्याला दुसऱ्यांसारखा कसा करूं? आतांचा जो उपचार अशा मुलांच्या व त्यांच्या घरच्यांच्या पाठीशीं उभा राहतो, तो विचारतो, ह्याला काय जड जातें, काय आवडतें, आणि त्याचें म्हणणें आपल्यापर्यंत पोहोंचण्याचा रस्ता कोणता? कार्डें दिलीं तर मूल बोलणार नाहीं अशी धास्ती पुष्कळांना असते. ती खरी ठरलेली नाहीं, उलट कित्येकांचें बोलणें त्यानें सुलभ होतें. अंगाला घट्ट मिठी हवी असेल तर ती द्यावी. केस कापणें सोसत नसेल तर आधीं कात्री नुसती दाखवावी, मग तिचा आवाज ऐकवावा, मग एकच बट कापावी. डोलण्यानें कोणाचें कांहीं बिघडत नसेल तर डोलूं द्यावें. ह्याचा अर्थ मदत करूं नये असा नव्हे. फिट येत असेल तर औषध पाहिजे. झोंप येत नसेल, अन्न जात नसेल, मूल स्वतःला इजा करीत असेल, तर वैद्याकडे गेलेंच पाहिजे. प्रेमाच्या नांवाखालीं आळस करण्यास कोणी मोकळा नाहीं.

हा पालट घडवून आणण्यांत त्या मुलांचा, म्हणजे आतां मोठ्या झालेल्या माणसांचा, वांटा मोठा आहे. १९९३ सालीं टोरोंटो येथें पालकांच्या परिषदेंत जिम सिंक्लेअर ह्या स्वतः स्वमग्न असलेल्या वक्त्यानें आईबापांना सांगितलें कीं, आमच्यासाठीं शोक करूं नका. जें मूल येईल असें तुम्हांला वाटलें होतें तें आलें नाहीं, त्याचा तो शोक आहे, आणि जें आलें आहे तें तुमची वाट पाहत आहे. त्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी सिंगर ह्यांच्या लेखनांतून ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द पुढें आला. मेंदूच्या घडणीही शेतांतल्या पिकांप्रमाणें नाना परीच्या असतात, असा त्याचा भाव. इंग्लंडांतील डेमियन मिल्टन ह्यांनीं २०१२ सालीं आणखी एक मुद्दा मांडला, जो मला फार पटला: हीं माणसें आपल्याला समजत नाहींत एवढें खरें धरून आपण थांबतों, आपणही त्यांना समजत नाहीं, ही दुसरी बाजू आपण मोजतच नाहीं.

आईबापांची दशा मात्र परिषदांतून सुटत नाहीं. निदान झालें कीं घर औषध शोधूं लागतें. प्रथम देवऋषी, मग दर्गा, मग हात ठेवून प्रार्थना करणाऱ्या मंडळींचे मेळावे. मी प्रार्थनेचा शत्रु नाहीं. धर्मगुरूनें असावें तरी कसें? परंतु ढोल आणि कर्णे ह्यांच्या गजरांत, ज्या मुलाला पंखा सोसत नाहीं त्याला मधोमध उभें करून, त्याच्यांतून कोणी तरी बाहेर निघावें म्हणून ओरडणें, ह्याला मी प्रार्थना म्हणणार नाहीं. मार्काच्या सातव्या अध्यायांत एका बहिऱ्या व अडखळत बोलणाऱ्या माणसाला प्रभूपुढें आणलें, तेव्हां प्रभूनें सर्वांत आधीं काय केलें? त्याला गर्दींतून बाजूला नेलें. नंतर शब्दांनीं नव्हे, स्पर्शानें, खुणेनें त्याच्याशीं संवाद केला. हें वचन मीं कित्येक वर्षें वाचलें होतें. ‘बाजूला नेलें’ हे दोन शब्द मला सिडकोंतल्या त्या घरीं जाऊन आल्यावर दिसले.

देवऋष्याहून महाग असे दुसरे लोकही आहेत. स्टेम सेलच्या सुया टोंचून ऑटिझम बरा करूं म्हणणारांना लोकांनीं शेत विकून पैसे दिले आहेत. ऑटिझमवर हा उपचार करूं नये असें राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानें २०२२ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. तसेंच लशीमुळें ही अवस्था येते अशी १९९८ सालीं लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकांतून उठलेली हूल. तो लेख त्या नियतकालिकानें २०१० सालीं मागें घेतला. बाळाच्या लशी चुकवूं नका.

खरी मदत कोठें आहे? मुंबईंत १९४४ पासून जय वकील ह्यांच्या नांवाची शाळा बौद्धिक दृष्ट्या मागें राहिलेल्या मुलांसाठीं आहे. ती एका आईनें आपल्या मुलीसाठीं काढली. तेथेंच २००१ सालीं डॉक्टर विभा कृष्णमूर्ति ह्यांनीं ‘उम्मीद’ ही संस्था स्थापिली. तेथें मुलाबरोबर कुटुंबालाही उपचारांत भागीदार मानतात. आमच्या ह्या शहरांत, ज्याला आम्ही जन्मभर औरंगाबाद म्हणत आलों व आतां छत्रपति संभाजीनगर म्हणतों, अंबिका टाकळकर ह्यांनीं स्वमग्न मुलांसाठीं ‘आरंभ’ हें केंद्र उभें केलें. त्या स्वतः अशा मुलाच्या आई आहेत. पाहा, बहुतेक ठिकाणीं दार आईनें किंवा बापानेंच उघडलें आहे. पण कन्नड, वैजापूर, पैठणच्या खेड्यांतील आईनें आठवड्यांतून दोनदां एस. टी. नें शहरांत यावें, दिवसाची मजुरी बुडवावी, आणि पाऊण तासाची थेरपी घेऊन परत जावें, हें किती दिवस चालणार? म्हणून चांगले थेरपिस्ट आईलाच घरीं करण्याजोगें शिकवितात: भाकरी थापतांना, कपडे वाळत घालतांना, नळावर.

कायद्यानेंही थोडें दार उघडलें आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या कायद्यांत एकवीस प्रकार झाले, त्यांत ऑटिझमही आला व शिकण्यांतील विशिष्ट अडचणीही आल्या. दहावीच्या परीक्षेला अशा मुलांना अधिक वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. पण त्यासाठीं दाखला लागतो, आणि दाखला काढायला आपल्याला लाज वाटते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालीं ‘निरामय’ ही आरोग्य विम्याची योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. त्याच कायद्यानें अठरा वर्षांनंतर अशा व्यक्तीला पालक नेमून देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीला दिला आहे. हें मी मुद्दाम सांगतों. कारण त्या आईनें मला दुसऱ्या भेटींत जो प्रश्न विचारला तो प्रत्येक अशा आईचा आहे: “माझ्यामागें ह्याचें कोण?” मीं म्हटलें, देव आहे. ती म्हणाली, “तें मला ठाऊक आहे, फादर. मी माणसांविषयीं विचारतें.”

तेव्हां माणसांविषयीं. १९७१ सालीं लूर्द येथें ईस्टरला अशा मुलांच्या कुटुंबांची एक मोठी यात्रा झाली आणि तींतून ‘श्रद्धा आणि प्रकाश’ ही चळवळ जगभर पसरली. तिचें मूळ हें, कीं एका फ्रेंच दांपत्याला आपल्या दोन मुलांसह पूर्वीं यात्रेकरूंच्या संघांत घेतलें नाहीं, आणि एकटीं गेलीं तर हॉटेलवाल्यानें खोलींतच जेवा म्हणून सांगितलें. म्हणजे त्यांनाही पायरीच मिळाली होती. २०१४ च्या नोव्हेंबरांत रोमला ह्याच विषयावर परिषद भरली, तेव्हां पोप फ्रान्सिस ह्यांनीं ह्या कुटुंबांचें एकटेपण मोडण्याची विनंति सर्वांस केली. २०१८ सालीं त्यांच्याच बुधवारच्या भेटींत एक न बोलणारा लहान मुलगा व्यासपीठावर चढला, पहारेकऱ्याचा हात ओढूं लागला, पोप महोदयांच्या खुर्चीभोंवतीं खेळूं लागला. आई धांवत आली. पोप म्हणाले, खेळूं द्या त्याला. आणि मग लोकांना म्हणाले कीं, हा बोलत नाहीं, पण ह्याला व्यक्त होतां येतें, हा मोकळा आहे. देवापुढें मी इतका मोकळा आहें काय? मीं तें चित्र पाहिलें तेव्हां मला आपलें तिसरें बांक आठवलें.

२०२० च्या धर्मशिक्षणाच्या निदेशिकेंत अशा व्यक्तींना संस्कार नाकारूं नयेत असें सांगितलें आहे. तरी त्या मुलाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाचा प्रश्न निघाला तेव्हां आमच्याच एका शिक्षकानें विचारलें, “त्याला प्रार्थना पाठ नाहीं, कसें चालेल?” पोप दहावे पायस ह्यांनीं १९१० सालीं लहान मुलांबद्दल निर्णय देतांना, हें साधें अन्न नव्हे एवढा भेद मुलाला कळावा, अशी अपेक्षा ठेविली. धर्मभगिनींनीं मुलापुढें तीन चित्रें ठेवलीं: भाकरी, बिस्किट आणि वेदीवरील ख्रिस्तप्रसाद. “येशू?” असें विचारलें. त्यानें तिसरें चित्र उचललें आणि स्वतःच्या छातीला लावलें. मीं पुढें परीक्षा घेतली नाहीं. कोरडा घांस त्याच्या घशाखालीं उतरत नाहीं. त्यासाठीं अगदीं लहान कण देतां येतो, आणि गरज पडल्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपानेंही देण्यास धर्मसभेच्या कायद्यांत वाव आहे. ईस्टरनंतरच्या एका शनिवारीं, देवळांत आम्ही नऊ माणसें असतांना, त्यानें प्रभूला स्वीकारलें. आई त्या दिवशीं दुसऱ्या बांकावर होती.

आतां व्यवहाराचें सांगून मी खालीं बसतों. शनिवारीं सायंकाळीं पांच वाजतां जी मिस्सा असते, ती महोत्सवापासून कायमची ध्वनिक्षेपकाशिवाय होईल. धूप जळणार नाहीं, घंटा हळू वाजेल, मिस्सेचा क्रम दाखविणारीं चित्रें दारापाशीं ठेवलेलीं असतील, आणि मुलांना उठून फिरण्याची मोकळीक राहील. ती केवळ अशा कुटुंबांसाठीं नाहीं. सर्वांनीं यावें, पण वळून पाहूं नये. रविवारच्या मिस्सेलाही येण्यास कोणी संकोच करूं नये. ज्यांना दाखल्याचे अर्ज भरावयाचे आहेत त्यांनीं मुलाचें आधारकार्ड, छायाचित्र व असतील ते डॉक्टरांचे कागद घेऊन मंगळवारीं माझ्या कचेरींत यावें. आपल्या युवक मंडळाचीं दोन मुलें तें काम संगणकावर करून देतील.

ध्वनिक्षेपक नसेल तर आम्हां म्हाताऱ्यांना ऐकूं कसें येणार, अशी तक्रार दोघां ज्येष्ठ सभासदांनीं समितीकडे केली आहे. तक्रार रास्त आहे. त्यांच्यासाठीं पहिलें बांक राखून ठेवलें आहे, आणि मी जरा मोठ्यानें बोलेन. मात्र फार मोठ्यानें नाहीं.